कच्चं मडकं

मडकं घेताना आपण ते बोटाच्या पेराने वाजवून बघतो. खणखणीत वाजलं तर पक्कं, बद्द वाजलं तर कच्चं नाहीतर चिरलेलं. गळ्यालाही आपण हेच शब्द लावतो. खणखणीत आवाज, कच्चा सूर.

आमच्या धाराशिव जिल्ह्यात तेर आहे, संत गोरोबाकाका कुंभारांचं गाव. तिथली गोष्ट तुम्हीही ऐकली असेल. संतमंडळी जमलेली असताना मुक्ताबाईने काकांना विचारलं, यातलं कच्चं मडकं कोणतं? काकांनी थापटणं उचललं आणि एकेकाच्या डोक्यावर मारत निघाले. बाकीचे गप्प बसले, नामदेव तेवढे चिडले. निकाल लागला, हे मडकं कच्चं.

मी कळंबला गाण्याचा क्लास घेतो. बावीस वर्षं झाली. म्हणजे एक थापटणं माझ्याही हातात आहे. ते मी एकदा चुकीचं मारलं, त्याबद्दल लिहितोय.

येरमाळ्याकडच्या एका वस्तीवरून तो एसटीने यायचा. वय बारा. आईवडील दिवाळी झाली की ऊसतोडीला जायचे, पोरगं आजीपाशी राहायचं. काळी पाचमध्ये अभंग असा लावायचा की बाहेर चपला घालणारी माणसं थांबायची. चौदाव्या वर्षी त्याचा आवाज फुटला. वरचा सा लावला की मध्येच फाटायचा, तो खाली बघायचा आणि बाकीची पोरं हसायची.

यात आजार काहीच नव्हता. या वयात मुलांचं स्वरयंत्र वाढतं, स्वरतंतू लांब आणि जाड होतात, आवाज जवळजवळ एक सप्तक खाली येतो. मुलींचाही बदलतो, पण दोन-तीन स्वरांनीच, म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही. या काळात जुन्या पट्टीचा हट्ट सोडायचा, पट्टी उतरवायची, थोडं आणि हलकं गायचं, ओरडायचं नाही. काही महिन्यांत, कधी वर्षा-दोन वर्षांत, नवा आवाज स्थिरावतो. मला हे सगळं माहीत होतं. इतर पालकांना मी ते समजावूनही सांगितलं होतं.

त्याच उन्हाळ्यात त्याचे वडील क्लासवर आले. उंबऱ्याशीच बसले आणि म्हणाले, "सर, ह्यात पोट भरंल का?"

खरं उत्तर मला येत होतं. आपल्या भागात गाणाऱ्याला जागरण-गोंधळ आहेत, लग्नातला ऑर्केस्ट्रा आहे, शाळेत संगीत शिक्षकाची जागा निघालीच तर ती आहे. दहा वर्षं शिकायचं, तेही घरात दुसरं कुणीतरी कमावतं असेल तर. हे त्यांच्या तोंडावर म्हणायला मला जड गेलं. त्यांच्या गरिबीबद्दल बोलावं लागलं असतं, आणि दोन महिन्यांची फी थकली होती, तो विषयही निघाला असता. मी मुलाकडे वळलो आणि म्हणालो, "बाळा, तुझा आवाज काय आता पहिल्यासारखा राहिला नाही. अभ्यासाकडं लक्ष दे."

मी खोटं बोललो का? हा प्रश्न मला कितीतरी वर्षं पुरला. आवाज खरंच पहिल्यासारखा नव्हता. अभ्यासाचा सल्लाही वाईट नव्हता. शब्द एकेकटे घेतले तर सगळे खरे. पण प्रश्न होता पैशांचा आणि उत्तर मी गळ्याचं दिलं. गळ्यावर दोष टाकणं सोपं असतं, तो उलटून बोलत नाही.

कुणी म्हणेल, शेवट तर एकच झाला असता, क्लास सुटलाच असता. मला ते पटत नाही. "घराला परवडत नाही" असं ऐकलेलं पोरगं परिस्थितीवर चिडतं आणि रानात गात राहतं. "तुझा गळाच गेला" असं ऐकलेलं पोरगं गप्प होतं. पैसा पुढेमागे येऊ शकतो. स्वतःच्या गळ्यावरचा उडालेला विश्वास कुठून आणायचा?

आपण गाणाऱ्यांना कुमार गंधर्वांचं उदाहरण देतो. क्षयरोगाने एक फुप्फुस निकामी झालं, सुमारे पाच वर्षं गाणं बंद होतं, तरी ते परतले आणि तेवढ्या श्वासात मावेल असं गाणं त्यांनी घडवलं. खरंच आहे. पण त्या काळात देवासला भानुमतीबाई शिक्षिकेची नोकरी करून घर चालवत होत्या, हे सांगायचं आपल्याकडून राहून जातं. मग पोरांना वाटतं, जिद्द असली की झालं.

दोन वर्षांपूर्वी चैत्रात काकांच्या यात्रेला मी तेरला गेलो होतो. दिंडीत तो दिसला. आता तो टेम्पो चालवतो, त्याला दोन मुलं आहेत. हातात टाळ, ठेका पक्का आणि तोंड बंद.

"गात नाहीस?"

"सर, तुम्हीच सांगितलं होतं की." आवाजात तक्रार अजिबात नव्हती. तेच जास्त लागलं.

तिथेच, मंदिराच्या भिंतीला टेकून, मी त्याला सगळं सांगितलं. त्याने ऐकून घेतलं. मग विचारलं, "तवाच का नाही सांगितलं?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी म्हणालो, "घाबरलो रे." तो काही बोलला नाही. टाळ घेऊन दिंडीत निघून गेला.

त्या दिवसापासून काकांची गोष्ट मला वेगळी दिसते. काकांनी नामदेवांना कच्चं म्हटलं ते भाजण्याबद्दल, मातीबद्दल नव्हे. कच्चं मडकं भट्टीत जाऊ शकतं. नामदेवही दुखावले, आणि मग गुरू शोधत औंढ्या नागनाथला विसोबा खेचरांकडे गेले. मी मात्र मातीलाच नाव ठेवलं होतं.

आता मी तीन गोष्टी वेगवेगळ्या सांगतो. आज गळ्याची अवस्था काय आहे. त्यावर किती वर्षांचं काम आहे. आणि तेवढी वर्षं घर कोण चालवणार आहे. तिसरी गोष्ट बोलताना अजूनही जीभ अडखळते, पण बोलतो. तुम्ही गात असाल आणि कुणी तुमच्या आवाजाचा निकाल लावला, तर बिनधास्त विचारा : हे गळ्याबद्दल सांगताय की पैशांबद्दल?

परवा त्याचा व्हॉट्सॲपवर ऑडिओ आला. वीस सेकंदांचा. मागे टेम्पोचं इंजिन चालू, काळी एकमध्ये नुसता सा. दोनदा ऐकला. छान म्हणावं असं फार वाटलं. पण लिहिलं ते असं : "सा थोडा उतरतोय. इंजिन बंद करून उद्या परत पाठव."