मुलाच्या सुखाचे माप

जडभरताची कथा आमच्या देवळांच्या सभामंडपांत पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जात आली आहे. भागवताच्या पाचव्या स्कंधातील हा ब्राह्मणपुत्र जगाच्या दृष्टीने मंद, बहिरा, वेडा. सिंधुसौवीराचा राजा रहूगण याची पालखी वाहण्यास त्याला धरून आणतात. पायाखाली जीव चिरडू नये म्हणून तो जपून पावले टाकतो, पालखी हिंदकळते, राजा रागावतो, आणि मग त्या ‘जडा’च्या मुखातील ज्ञान ऐकून राजा खाली उतरून त्याचे पाय धरतो. कीर्तनकार येथे आवाज चढवतो, श्रोते डोळे पुसतात. तथापि याच कथेतील एक लहानसा तपशील सहसा कोणाच्या लक्षात राहत नाही. वडिलांच्या पश्चात भावांनी त्याला शेतावर राबवले, आणि कण्या, पेंड, कोंडा, भांड्याच्या तळाची करपलेली खरवड असे जे उरेल ते त्याच्यापुढे टाकले.

त्याचे मन ईश्वराच्या ठायी स्थिर होते म्हणून ते अन्न त्याला अमृतासारखे लागले, हे खरे. परंतु त्यामुळे भाऊ निर्दोष ठरत नाहीत. शिवाय ज्या मुलांना मनोविकार जडलेला असतो ती काही अवधूत नसतात. त्यांना भीती वाटते, झोप येत नाही, एकटेपणा बोचतो. मग विचारावेसे वाटते की अशा मुलाचे जगणे सुखाचे होते की दुःखाचे, हे कशाने ठरते? त्याच्या विकाराने, की त्याच्यापुढे रोज जे वाढले जाते त्याने?

हा प्रश्न थोड्या घरांचा नव्हे. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात १३ ते १७ वर्षे वयाच्या मुलांपैकी ७.३ टक्के मुलांत कोणता ना कोणता मनोविकार आढळला. म्हणजे चाळीस मुलांच्या वर्गात सुमारे तीन. ही तीन मुले आपल्याच गावातील, आपल्याच देवळाच्या पायऱ्यांवर खेळलेली असतात.

ज्यास मंत्रचळ म्हणतात त्या विकाराने ग्रासलेला एक बारा वर्षांचा मुलगा आम्ही जवळून पाहिला आहे. हात विटाळले या शंकेने तो ते पुन्हा पुन्हा धुई. स्तोत्रातील एखादा शब्द चुकला असे वाटले की आरंभापासून म्हणे. घर सोवळ्याओवळ्याचे, म्हणून प्रथम सर्वांना ती भक्तीच वाटली आणि कौतुक झाले. पुढे हातांना भेगा पडल्या, शाळेस उशीर होऊ लागला, आणि कौतुकाची जागा संतापाने घेतली. “मुद्दाम करतोस!” हे वाक्य त्या घरात दिवसातून कितीदा उच्चारले जाई, कोण जाणे. दुसऱ्या बाजूने आई त्याच्या शंका शमविण्यासाठी स्वतःच भांडी पुन्हा विसळून देई. रागाने मुलगा खचे आणि या मायेने विकार पोसला जाई.

उपचार सुरू झाले. भीतीला पायरीपायरीने सामोरे जायचे आणि मनाने हुकूम सोडला तरी हात धुवायचे नाहीत, अशी ती पद्धत. तिला वेळ लागतो. परंतु आमच्या लक्षात आले ते असे की विकार हटण्याच्या कितीतरी आधी मुलाचे दिवस पालटले. आईबापांना हा हट्ट नव्हे हे उमगले. उशिरा आलेल्या मुलाला वर्गशिक्षक निमूटपणे आत घेऊ लागले. आजोबा संध्याकाळी त्याला तळीवर फिरावयास नेत आणि विकाराविषयी अवाक्षर काढीत नसत. हात तो तेव्हाही धुतच होता. पण घरात त्याचे हसणे पुन्हा ऐकू येऊ लागले.

यावरून औषधोपचार गौण ठरतात असे मात्र नव्हे. बांबोळी, धारवाड, ग्वाल्हेर, वडोदरा, हैदराबाद येथे सरकारी मनोरुग्णालये आहेत. २०२२ पासून टेलि-मानसच्या १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य सल्ला मिळतो. २०१७ च्या कायद्याने उपचार हा नागरिकाचा हक्कच ठरविला आहे. आमचे म्हणणे इतकेच की विकाराची लक्षणे आणि जीवनाची प्रत या दोन गोष्टी एकाच काट्यावर तोलता येत नाहीत. घरातील बोलणे, आईबापांच्या स्वतःच्या मनाचे स्वास्थ्य, झोप, शाळेतील वागणूक, एखादा सोबती, घरची आर्थिक ओढ, हे सारे दुसऱ्या काट्यावर पडते, आणि त्यातील बरेचसे आपल्या हातचे असते.

जागतिक आरोग्य संघटनेने जीवनाच्या प्रतीची जी व्याख्या केली आहे तिचा गाभा असा की माणसास स्वतःचे जीवन कसे वाटते ते पाहावे. मुलाच्या बाबतीत नेमके हेच आपण विसरतो. मुलांची उत्तरे आणि आईबापांची उत्तरे ताडून पाहणाऱ्या अभ्यासकांना वारंवार दिसले आहे की डोळ्यांना दिसणाऱ्या गोष्टींत, म्हणजे चालण्याफिरण्यात वा शारीरिक दुखण्यात, दोहोंचा मेळ बसतो. मनातील गोष्टींत तो फार कमी बसतो. जन्मदात्यांनाही विचारल्यावाचून कळत नाही, आणि विचारण्याची आपली रीत नाही. “तुला काय कळते?” या प्रश्नाने मुलाचे उत्तर आधीच मिटवून टाकलेले असते.

हवाई बेटांपैकी कौआई या बेटावर १९५५ साली जन्मलेल्या ६९८ मुलांचा मागोवा एमी वर्नर या संशोधिकेने व त्यांच्या सहकाऱ्यांनी अनेक दशके घेतला. दारिद्र्य, घरातील कलह, आईबापांचे मनोविकार अशा अनेक आपत्तींत वाढलेल्या मुलांपैकी सुमारे एकतृतीयांश मुले कर्तीसवरती, समाधानी माणसे झाली. त्यांच्या आयुष्यात ज्या गोष्टी समान आढळल्या त्यांतील एक अगदी साधी होती. त्यांना मनापासून स्वीकारणारे एक तरी वडीलधारे माणूस होते. मग ते आजी असो, शेजारीण असो वा शिक्षक. आमच्या त्या मुलाचे आजोबा याच जातीचे.

आता प्रारब्धाविषयी. मुलाच्या विकारावर ‘पूर्वसंचित’ असा शिक्का मारून गप्प बसणारे पुष्कळ भेटतात. आमच्या मते कर्मसिद्धांत हा स्वतःचे दुःख धीराने सोसण्यासाठी आहे. दुसऱ्याच्या, त्यातही लेकराच्या, दुःखाचा निवाडा करण्यासाठी नव्हे. मुलाचे प्रारब्ध मुलाचे असेल. त्याच्याशी आपण कसे वागलो हे मात्र आपले क्रियमाण, आणि त्याचा जाब आपल्यालाच द्यावा लागेल. देवापुढे कौल लावावा, मनाला बळ मिळते. पण डॉक्टरांकडे जाण्याच्या आड तो येऊ नये. आणि पालखीच्या दिवशी अशा मुलास घरात कोंडून ठेवून आपण ज्याच्या दर्शनास जातो, त्याने त्या कोंडलेल्या मुलाविषयी विचारले तर काय सांगणार?

देवस्थानांना येथे फार मोठे द्रव्य खर्चावे लागेल असे नाही. प्रसादाच्या पंगतीत त्या मुलास इतरांबरोबर पान मांडावे. त्याच्या आईला “कुणाची दृष्ट लागली?” असे न विचारता “तुम्ही जेवलात का?” असे विचारावे. आरतीच्या वेळी घंटा वाजविण्याची त्याची इच्छा असेल तर दोरी त्याच्या हाती द्यावी. नसेल तर आग्रह करू नये. आणि अधूनमधून त्याच्याजवळ बसून, आज तुझा दिवस कसा गेला, एवढे त्यालाच विचारावे.

रहूगणाला आपली चूक एका घटकेत कळली आणि तो पालखीतून उतरला. भावांना ती कधी कळल्याचे भागवतात आलेले नाही. आपल्यापुरते पाहिले तर आपण राजे नाही. आपण त्या घरातील भाऊ आहो, आणि वाढणे रोज आपल्याच हाती आहे.