रथकाराचा अधिकार

एखाद्या मनुष्याला अधिकार देणे म्हणजे त्याला नेमके काय देणे, हा प्रश्न राज्यकारभारात जितका सोपा भासतो तितका धर्मविचारात तो सोपा राहत नाही. सनद लिहून तिच्यावर शिक्का उमटला म्हणजे वतनदार वतनाचा धनी होतो, मुखत्यारपत्र करून दिले म्हणजे मुखत्याराची सही मालकाच्या सहीच्या मोलाची ठरते, आणि मालक निवर्तला म्हणजे ती मुखत्यारीही त्याच्याबरोबर संपते. देणारा, घेणारा आणि दिलेली वस्तू ही तिन्ही येथे डोळ्यांना दिसतात. परंतु यज्ञ करण्याचा, वेद म्हणण्याचा अधिकार जेव्हा एक मनुष्य दुसऱ्याला देतो किंवा नाकारतो, तेव्हा तो मुळात त्याच्या मालकीचा असतो काय, आणि नसेल तर कोणत्या दफ्तरातून तो काढून दिला जातो?

या प्रश्नाची अत्यंत काटेकोर चिकित्सा आपल्याकडे कर्मकांडाच्या शास्त्रात झाली आहे, आणि भक्तिग्रंथांच्या प्रेमामुळे आपण तिच्याकडे फारसे वळत नाही, याची मला खंत वाटते. जैमिनीच्या मीमांसासूत्रांचा सहावा अध्याय अधिकाराच्याच विचाराला वाहिलेला आहे. ज्याला फळाची इच्छा आहे, ते कर्म पार पाडण्याचे सामर्थ्य ज्याच्या अंगी आहे आणि त्याचे ज्ञान ज्याने मिळविले आहे, तो अधिकारी, अशी त्या शास्त्राची मूळ बैठक होय. विधिवाक्य सामर्थ्य निर्माण करीत नाही, समर्थाला कर्तव्यास जोडते. म्हणूनच पशूंना यज्ञाचा अधिकार नाही. या बैठकीवरून जैमिनी काही ठिकाणी आश्चर्य वाटावे इतक्या उदारतेने निर्णय देतो. यज्ञ पुरुषानेच करावा, या ऐतिशायनाच्या मताचे तो खंडन करतो आणि बादरायणाचा हवाला देऊन स्त्रीचाही अधिकार स्थापन करतो. निर्धनाविषयी तो म्हणतो की द्रव्य नसणे ही कायमची असमर्थता नव्हे, कारण द्रव्य मिळविता येते. ज्याचे व्यंग दूर होण्यासारखे आहे, त्याच्या बाबतीतही निवाडा असाच आहे.

इतके मान्य केल्यावर पुढचा निष्कर्ष अटळ वाटतो. दारिद्र्य दूर करता येते, तसे अज्ञानही दूर करता येते. तेव्हा जो शिकलेला नाही त्याला शिकवावे, म्हणजे तो अधिकारी झालाच. परंतु नेमक्या याच वळणावर शास्त्राने आपले पाऊल मागे घेतले. अग्न्याधानासाठी ब्राह्मणाला वसंत, क्षत्रियाला ग्रीष्म आणि वैश्याला शरद असे ऋतू श्रुतीने सांगितले, शूद्राला ऋतूच सांगितला नाही. शिवाय त्याला उपनयन नाही म्हणून अध्ययन नाही, अध्ययन नाही म्हणून ज्ञान नाही, आणि ज्ञान नाही म्हणून अधिकार नाही. ज्या हातांनी पाठशाळेचे दार लावून घेतले, त्याच हातांनी ‘तू शिकला नाहीस’ म्हणून बोट दाखवावे, असे हे तर्कचक्र आहे, आणि त्याला शास्त्र म्हणून शिरोधार्य मानणे मला शक्य नाही. खुद्द मीमांसेच्या आचार्यांपैकी बादरी याने कर्माचा अधिकार सर्वांना आहे, असे मत मांडले होते. जैमिनीने ते पूर्वपक्षात ठेवून खोडून काढले. तरी सूत्रांतून ते वगळले नाही, त्यामुळे आज ते आपल्याला वाचता येते.

याच अध्यायात पुढे रथकाराचे अधिकरण येते. वर्षाऋतूत रथकाराने अग्नीचे आधान करावे, असे श्रुतिवचन आहे. हा रथकार म्हणजे रथ घडविणारा कोणी त्रैवर्णिकच असावा, अशी शंका घेऊन शास्त्रकार तिचे निरसन करतात. शब्दाच्या व्युत्पत्तीपेक्षा रूढ अर्थ बलवान असतो, म्हणून रथकार ही त्रैवर्णिकांहून निराळी जातच समजली पाहिजे. पण मग ज्याला अध्ययन नाही तो आधानाचे मंत्र म्हणणार कसे? येथे मीमांसकांनी जे उत्तर दिले त्याचे मोल मला फार वाटते. वचनाने कर्म सांगितले त्या अर्थी त्या कर्मापुरती विद्याही त्याच वचनाने प्राप्त झाली. रथकाराला ते मंत्र शिकविलेच पाहिजेत. निषादस्थपतीच्या इष्टीविषयीही निर्णय तोच: निषादांचा अधिपती असलेला कोणी उच्चवर्णीय नव्हे, स्वतः निषाद असलेला अधिपतीच ती इष्टी करील, आणि तिला लागणारी विद्या त्याला मिळेल. शास्त्रकारांनी या दोहोंना अपवाद मानून नियम अधिकच घट्ट केला, हे खरेच. परंतु अपवादाचे समर्थन करताना जे तत्त्व त्यांच्या तोंडून निघून गेले, ते त्यांच्या नियमापेक्षा मोठे आहे. अधिकार सांगणाऱ्यावर साधन पुरविण्याचे ऋण येते, आणि साधनावाचून सांगितलेला अधिकार हे निरर्थक वचन ठरते. वेदवचन निरर्थक मानणे तर मीमांसकाला कधीच परवडणारे नव्हते.

कोल्हापुरात विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर वेदोक्ताचे प्रकरण उद्भवले, त्याचा विचार मी याच अधिकरणाच्या प्रकाशात करतो. शाहू छत्रपतींच्या घरचे विधी वेदोक्त म्हणजे वेदांतील मंत्रांनी न होता पुराणोक्त मंत्रांनीच होतील, असा आग्रह राजोपाध्यांनी धरला. दरबाराने त्यांचे वतन जप्त केले, आणि वाद कागदोपत्री तसेच वर्तमानपत्रांतून पुष्कळ काळ चालला. छत्रपती क्षत्रिय आहेत किंवा नाहीत, एवढ्यावरच त्या वादाची चर्चा बहुधा थांबते. परंतु स्वतःपुरती वेदोक्ताची मान्यता मिळवून महाराज स्वस्थ बसले असते, तर त्यांच्या पदरी एका घराण्याची सनद तेवढी आली असती. त्यांनी मराठा पुरोहित तयार व्हावेत म्हणून वैदिक पाठशाळा काढली, जातीजातींच्या विद्यार्थ्यांसाठी वसतिगृहे उभारली, 1902 मध्ये संस्थानच्या नोकऱ्यांत मागासलेल्या वर्गांसाठी निम्म्या जागा राखून ठेवल्या आणि 1917 मध्ये सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा कायदा केला. बादरीचा पूर्वपक्ष येथे सिद्धान्त झाला, आणि तोही वादसभेत न होता मामलेदाराच्या कचेरीतून सुटलेल्या हुकुमांनी झाला. मुलगा शाळेत न पाठविणाऱ्या पालकाला त्या कायद्याने दंड ठेवला होता. शिकण्याचा अधिकार देऊन संस्थान थांबले नाही, तो बजावला जातो किंवा नाही याची चौकशीही त्याने आपल्याकडे घेतली.