नावाचं बियाणं

दिघोरीच्या दुकानातल्या फ्रिजमध्ये परवा कॅम्पा कोला दिसला. १९७७मध्ये कोका-कोलाने देश सोडल्यावर ज्याची चलती होती आणि नंतर जो दिसेनासा झाला, तोच. रिलायन्सने ते नाव विकत घेऊन २०२३मध्ये पुन्हा बाजारात आणलं. चव जुनीच आहे का, हे माझ्यासारख्याला विचारू नका. तेव्हा बाटलीपुरते पैसे खिशात होते कुठे!

इंग्लंडात हाच खेळ बिअरच्या नावांचा चालतो. लंडनच्या ब्रिक लेनवरची, १६६६पासूनचं मूळ सांगणारी ट्रुमन कंपनीची भट्टी १९८९मध्ये विझली. २०१०मध्ये दोघांनी ते नाव मिळवलं आणि बिअर काढली, तीही सुरुवातीला लंडनबाहेर, दुसऱ्याच्या भट्टीत. एवढ्यावरच थांबले असते तर त्यांना लेबलाचे व्यापारी म्हणून मी मोकळा झालो असतो. पण ट्रुमनचं जुनं यीस्ट १९५८पासून तिथल्या राष्ट्रीय संग्रहात गोठवून ठेवलेलं होतं. ते त्यांनी हुडकलं आणि त्यावर बिअर आंबवली. नावाच्या मागे निदान बियाणं तरी आलं.

न्यूकॅसल ब्राउन एलची गोष्ट याच्या उलटी. ही बिअर न्यूकॅसलमध्येच बनली पाहिजे, असं संरक्षण तिला २०००मध्ये युरोपात मिळालं. पुढे मालकांनी शहरातली भट्टी बंद करून टाइन नदीपलीकडच्या गेट्सहेडला बस्तान हलवलं. मग संरक्षणच आडवं आलं! ते रद्द करा, असा अर्ज मालकांनाच करावा लागला. २००७मध्ये ते रद्द झालं. बाटलीवरचं न्यूकॅसल मात्र तसंच राहिलं.

बिअरच्या या गोष्टी वाचताना मला आपला चिन्नोर, आपला वासाचा तांदूळ, आठवतो. न्यूकॅसलच्या त्या संरक्षणासारखंच भंडारा चिन्नोरला भौगोलिक मानांकन आहे. ट्रेडमार्क विकता येतो. आपल्या १९९९च्या कायद्याप्रमाणे मानांकन कुणाला विकता येत नाही. ते मुलखाचं असतं. पण कायदा राखतो ते नाव. वास राखायचा तर बियाणं धानाच्या बांधीतच जगवावं लागतं, आणि तिथे शेतकरी पोत्यांचा हिशेब करतो. उंच वाढून आडव्या होणाऱ्या, कमी उताऱ्याच्या धानाऐवजी त्याने ठेंगणं, भरघोस वाण रोवलं तर त्याला दोष कसा द्यायचा? वासाचे पैसे त्याच्या हाती पडायला हवेत.

म्हणून नागपुरात किंवा पुण्यात चिन्नोर घ्याल, तेव्हा भाव विचारण्याआधी तो कोणत्या गावच्या बांधीतला, ते विचारा.