हातचं राखून दिलेली मुभा

आयफोन विक्रीला येण्याच्या तोंडावर, जून २००७ मध्ये, स्टीव्ह जॉब्स यांनी प्रोग्रॅमर मंडळींना सांगितलं होतं की, या फोनसाठी सफारीत चालणारी वेब अ‍ॅप्स लिहा, तेवढं पुरेसं आहे. जुलै २००८ मध्ये अ‍ॅप स्टोअर उघडलं आणि वेब अ‍ॅप मागच्या बाकावर गेलं. ते अजून तिथेच आहे, आणि यात तंत्राची अडचण फारशी नाही, असं माझं ठाम मत आहे.

अ‍ॅलेक्स रसेल आणि फ्रान्सेस बेरीमन यांनी २०१५ मध्ये अशा अ‍ॅप्सना ‘प्रोग्रेसिव्ह वेब अ‍ॅप’ हे नाव दिलं. या अ‍ॅप्सचा प्राण म्हणजे सर्व्हिस वर्कर. संकेतस्थळ ही छोटी स्क्रिप्ट ब्राउझरच्या हवाली करून ठेवतं. रेंज गेली की ती आधी साठवलेली पानं पुढे करते. फ्लिपकार्टने २०१५ मध्ये मोबाइलवरचं संकेतस्थळ बंद करून सगळ्यांना अ‍ॅपकडे वळवलं होतं. त्याच वर्षी ‘फ्लिपकार्ट लाइट’ हे वेब अ‍ॅप घेऊन कंपनी वेबवर परतली. महागडा डेटा आणि भरलेली मेमरी यांच्याशी झगडणाऱ्या भारतीय ग्राहकाला याचा उपयोग उघड होता.

अँड्रॉइडवरच्या क्रोमला सर्व्हिस वर्कर आणि वेबवरून येणारी नोटिफिकेशन्स दोन्ही २०१५ मध्ये मिळाली. आयफोनवर सर्व्हिस वर्कर आला मार्च २०१८ मध्ये, नोटिफिकेशन्स थेट मार्च २०२३ मध्ये. तीही अ‍ॅप होम स्क्रीनवर ठेवलं असेल तरच. आणि ते ठेवायचं कसं? अँड्रॉइडवर संकेतस्थळ स्वतःच ‘इन्स्टॉल’चं बटण दाखवू शकतं. आयफोनवर ती सोय नाही. चौकोनातून वर जाणाऱ्या बाणाचं शेअर चिन्ह शोधा, यादी खाली सरकवा, ‘अ‍ॅड टू होम स्क्रीन’ दाबा. एखाद्या छोट्या मराठी प्रकाशकाने आपला दिवाळी अंक वेब अ‍ॅप म्हणून काढला, तर आयफोनवाल्या वाचकांना आधी ही वाट शिकवावी लागेल. अ‍ॅप स्टोअरमधली डिजिटल विक्री अ‍ॅपलला १५ ते ३० टक्के कमिशन देत आली आहे, वेबवरची विक्री देत नाही. या दिरंगाईकडे पाहताना हा हिशेब मला बाजूला ठेवता येत नाही.

युरोपात तर हे फारच उघडं पडलं. तिथल्या डिजिटल मार्केट्स कायद्याने अ‍ॅपलला स्वतःच्या वेबकिटखेरीज इतर ब्राउझर इंजिनांनाही आयफोनवर जागा देणं भाग पाडलं. मुदत होती मार्च २०२४. फेब्रुवारीत आयओएस १७.४ च्या चाचणी आवृत्तीत युरोपातली होम स्क्रीनवरची वेब अ‍ॅप्स साध्या बुकमार्कसारखी ब्राउझरमध्ये उघडू लागली. सुरुवातीला अनेकांना तो बग वाटला. मग अ‍ॅपलने कबूल केलं की हा निर्णयच आहे: परक्या इंजिनावर एका अ‍ॅपचा डेटा दुसऱ्यापासून सुरक्षित राखायचा तर नवी रचना उभारावी लागेल, आणि वापरणारे थोडे असताना ते परवडत नाही. सुरक्षेची काळजी खोटी म्हणता येणार नाही. पण वापरणारे थोडे का, याचं उत्तर त्या शेअर चिन्हाआड दडलेल्या यादीत आहे.

ओपन वेब अ‍ॅडव्होकसी या संघटनेच्या खुल्या पत्रावर विकासकांनी सह्या केल्या, युरोपीय आयोगानेही विचारणा केली, आणि १ मार्चला अ‍ॅपलने माघार घेतली. मात्र होम स्क्रीनवरची वेब अ‍ॅप्स पूर्वीसारखी वेबकिटवरच चालतील, ही अट कायम ठेवली. नियामकांनी आता दोन गोष्टींसाठी हटून बसावं: या अ‍ॅप्सना दुसरी इंजिनं खुली करणं, आणि आयफोनवरच्या संकेतस्थळांना इन्स्टॉलचं बटण दाखवू देणं.