आतलं काम

खुर्ची आधी उलटी करा. खाली जुनी गोधडी अंथरा, म्हणजे पाठीच्या कडेला ओरखडे पडणार नाहीत. आता तिच्याशेजारी बसा. हत्यारांना अजून हात लावू नका. तुमच्याकडं दुरुस्तीची खुर्ची नसेल तर घरातली गादी बसवलेली कुठलीही खुर्ची डोळ्यांपुढं आणा. पाहुण्यांची नजर कधी जात नाही त्या तिच्या खालच्या बाजूकडं थोडा वेळ नुसतं पाहत राहा. धुळीनं भरलेलं काळं कापड, एका कोपऱ्यात सुटलेलं. त्याच्या आड लोंबकळणाऱ्या नवारीच्या पट्ट्या.

प्रार्थनेसाठी शब्द जुळवायची घाई नको. श्वास संथ होऊ द्या. एवढंच मनात म्हणा: प्रभू, मी इथं आहे, ही खुर्ची इथं आहे, आणि तूही इथं आहेस.

माझ्यापुढं आज आहे ती सागवानी, हातांची, रुंद बैठकीची. ज्यांची होती त्या आजी आता नाहीत. नातवाला खुर्ची टाकवत नाही आणि तिच्यावर कुणाला बसवतही नाही. "आजी बसायची तशी करून द्या," इतकंच तो म्हणाला. आजी कशी बसायची हे त्यानं सांगितलं नाही, ते खुर्ची सांगते. बैठक डाव्या अंगाला जास्त दबली आहे. उजव्या हाताच्या टोकाचं पॉलिश पार उडून लाकूड गुळगुळीत झालंय. उठताना त्या तिथं तळवा टेकत असणार. पाठीला डोक्याच्या उंचीवर खोबरेल तेलाचा डाग आहे. तुमच्या खुर्चीवरही असं काहीतरी असेल. ते शोधा आणि त्यावर बोट ठेवा. इथं एक माणूस दमून बसत होतं. त्या माणसाला प्रभू नावानं ओळखतो. एवढं ध्यानात धरून मग हत्यार उचला.

पिना एकेक करून उपसायच्या असतात. चपट्या पेचकसाचं टोक पिनेखाली सरकवायचं, मनगट किंचित वळवायचं, पिन एका अंगानं उठली की पकडीनं ओढायची. जोर केला तर लाकडाची कपची निघते. बैठक, पाठ, हात मिळून अशा शेकडो पिना निघतात, म्हणून हा भाग बहुतेकांना कंटाळवाणा वाटतो. मला मननासाठी यापेक्षा चांगली वेळ ठाऊक नाही. हात गुंतलेले असतात आणि मन मोकळं. ज्यांची आठवण येईल त्यांची नावं प्रभूसमोर घेत जा. कुणाचं नाव सुचलं नाही तर गप्प राहून पिना काढा. तीही प्रार्थनाच आहे.

उतरवलेलं कापड फेकू नका, त्यावरूनच नवं बेतायचं असतं. बैठकीच्या फटींतून काय काय निघतं: केसांची पिन, पेन्सिलीचा तुकडा, शर्टाचं बटण, एखादं चार आण्याचं नाणं. सगळं एका वाटीत जमा करा. ते मालकाचं आहे.

कापड निघालं की चौकटीची कड उघडी पडते, आणि तिथं मी नेहमी थांबतो. तुम्हीही थांबा. कडेच्या लाकडावर भोकांच्या रांगा असतात. स्टेपलच्या जोडभोकांची रांग सगळ्यांत अलीकडची. तिच्या थोडं आत छोट्या खिळ्यांच्या भोकांची रांग. तिच्याही आत आणखी एक, भोकं काळी पडलेली. म्हणजे ही खुर्ची याआधी तिघांच्या हातांखालून गेली आहे. मागच्या दांडीवर मध्य दाखवणारी पेन्सिलीची बारीक रेघ अजून आहे. मी टेप लावून पाहिली. मध्य बरोबर तिथंच येतो. ज्यानं ती रेघ ओढली त्याला माहीत होतं की तासाभरात ती कापडाखाली जाणार आहे. तरीही त्यानं ती नीट ओढली. त्या माणसासाठी देवाचे आभार माना. माझंही कापड त्याच रेघेवर बसणार आहे.

आपल्याकडं गाद्या-सोफ्यांच्या कामात मुसलमान कारागीर पुष्कळ. ज्या उस्तादांच्या हाताखाली मी शिकलो तेही नमाजी. नमाजाला उठताना ते हातातली वाकडी सुई धाग्यासकट गादीत खोचून ठेवत, परत येऊन त्याच टाक्यापासून पुढं सुरू करत. त्यांची प्रार्थना आणि त्यांचा टाका यांच्यात मला कधी फट दिसली नाही. पवित्र शास्त्रातही अशा माणसांना मानाची जागा आहे. देवाच्या आत्म्यानं परिपूर्ण केलं, असं शास्त्र सर्वांत आधी ज्याच्याविषयी सांगतं तो बसालेल, निर्गमच्या ३१व्या अध्यायातला. धातू घडवणारा, रत्नं जडवणारा, लाकूड कोरणारा. त्याच्या जोडीला अहलियाब. पुढं शलमोनानं मंदिराच्या पितळेच्या कामासाठी हीरामाला बोलावलं, त्याचा बाप तर सोर नगरातला, परका. तोही कसबानं आणि समजेनं भरलेला होता, असंच १ राजेच्या ७व्या अध्यायात नोंदलंय. उस्तादांचं नाव मी प्रार्थनेत निःसंकोच घेतो.

इथवर आलं की एक मोह होतो. जुनी खुर्ची म्हणजे माझं जीवन, फाटकं कापड म्हणजे माझं पाप, आणि प्रभू मला आतून नवा करतो. उपदेशात हे छान बसतं, आणि ते खोटंही नाही. पण आज ते बाजूला ठेवा, असं मी आग्रहानं म्हणेन. खुर्चीचा दृष्टांत झाला की खुर्चीवरचं लक्ष उडतं, आणि लक्ष उडालं की पट्टी सैल बसते. त्या नातवाला बसायला खुर्ची हवी आहे. शेजाऱ्यावर प्रीती करण्याची आज्ञा आत्ता, या घटकेला, माझ्यासाठी या पट्टीपुरती आहे.

तर पट्टीकडं या. नवारीचं टोक दुमडून मागच्या दांडीवर ठेवा. पाच खिळे मारायचे, पण एका ओळीत नाहीत. एक वर, एक खाली असे, नाहीतर लाकडाच्या रेषेबरोबर चीर जाते. मग पट्टी पुढं आणा आणि लाकडी ठोकळ्याचा आधार घेऊन ताणा. किती ताणायची? आकडा सांगता येत नाही. बोटानं टिचकी मारली की ठणठणीत आवाज यावा. सैल राहिली तर बैठक पुन्हा खाली जाईल. फार ओढली तर दांडी आत वाकेल, जुना सांधा उघडेल. आडव्या पट्ट्या उभ्यांच्या एकदा वरून, एकदा खालून घ्यायच्या. प्रत्येक पट्टी ताणताना डोळ्यांसमोर बसणाऱ्याला आणा. त्याचं वजन, उठता-बसता दुखणारे गुडघे, संध्याकाळी ऑफिसातून आल्यावर त्यानं अंग टाकणं. हे इतकं बारकाईनं मनात आणणं म्हणजेच त्याच्यासाठी मध्यस्थी करणं, असं मला या कामानं शिकवलं.

पट्ट्यांवर स्प्रिंगा शिवायच्या, स्प्रिंगा सुतळीनं एकमेकींना आणि चौकटीला बांधायच्या, वर गोणपाट, मग काथ्या, मग कापसाचा थर. यातलं काहीही उद्या दिसणार नाही.

आता हात थांबवा आणि निर्गमचा २६वा अध्याय आठवा. निवासमंडपाच्या पडद्यांची मापं तिथं इतकी तपशीलवार आहेत की वाचताना आपण पानं उलटतो. उलटू नका. सगळ्यांत आत कातलेल्या तलम सणाचे दहा पडदे, निळ्या, जांभळ्या, किरमिजी रंगांचे, त्यांवर करूब काढलेले. त्यांवर बकऱ्याच्या केसांचे अकरा पडदे. त्यांवर लाल रंगवलेली मेंढ्यांची कातडी आणि सर्वांत वर कातड्यांचंच आणखी एक आच्छादन. आपलं फर्निचर याच्या अगदी उलट रचलेलं असतं: देखणं ते बाहेर, जाडंभरडं ते आत. देवानं आपल्या वस्तीसाठी देखणेपण आत ठेवायला सांगितलं, रणातल्या ऊन-वाऱ्यात बाहेरून दिसणार ती कातडी. आणि मधला थर पाहा. आत उभ्या असलेल्या याजकाला सण दिसे, बाहेरच्याला कातडी. बकऱ्याचे केस मधल्यामध्ये राहत. तरी ३५व्या अध्यायात ते केस कातणाऱ्या बायकांची आठवण खास नोंदवली आहे, त्यांच्या मनाच्या ओढीसकट आणि हातांच्या कसबासकट. या ओळीपाशी मी कितीतरी वेळ काढला आहे. तुम्हीही काढा. आज तुमच्या हातून जे काम होईल त्यातला मधला थर कोणता? डब्यासाठी रात्रीच निवडून ठेवलेली भाजी, दुसऱ्याच्या सहीनं जाणारा अहवाल, आजारी माणसाची बदललेली चादर. त्या थराचं नाव घेऊन तो प्रभूसमोर ठेवा.

मराठीत पवित्र शास्त्र वाचणाऱ्यांनी एक छापखानाही आठवावा. पंडिता रमाबाई ५ एप्रिल १९२२ रोजी गेल्या, आणि मूळ भाषांवरून त्यांनी केलेलं संपूर्ण भाषांतर १९२४ साली केडगावच्या मुक्ती मिशनमधून छापून निघालं. तिथल्या छापखान्यात शिशाचे खिळे जुळवायला मिशनमधल्याच मुली आणि बाया होत्या. अनेकजणी दुष्काळातून, उपासमारीतून वाचून आलेल्या. उलटं अक्षर ओळखायचं, बोटांनी ओळीत बसवायचं, छपाई झाली की पुन्हा खणात टाकायचं. वाचकाच्या हाती पोचतं ते वचन. त्यांची बोटं पोचत नाहीत.

आतल्या कामाची आणखी एक बाजू आहे, आणि तिच्यावाचून हे मनन मला अपुरं वाटतं. फोम डेन्सिटीवर विकला जातो. ४० डेन्सिटी म्हणजे एका घनमीटरला ४० किलो. बिलावर ४० लिहून आत हलका फोम घातला, तर नव्या कापडाखाली पहिल्या दिवशी गिऱ्हाइकाला फरक कळत नाही. वर्ष-दोन वर्षांनी बैठक बसते तेव्हा तो स्वतःच्या वजनाला दोष देतो. खोट्या तराजूचा परमेश्वराला वीट आहे, असं नीतिसूत्रांत आहे, आणि फोमचा तुकडा हाही एक तराजूच आहे. कामाच्या जागी भिंतीवर क्रूस लावण्याआधी हा हिशेब व्हायला हवा.

मजुरीचाही. जे काही कराल ते प्रभूसाठी म्हणून जिवेभावे करा, हा कलस्सैकरांच्या ३ऱ्या अध्यायातला बोध आपण कामाच्या संदर्भात हटकून सांगतो. तो मुळात दासांना उद्देशून आहे, ज्यांना ना मजुरी होती ना नकार द्यायची मुभा. मालकानं तो नोकराला ऐकवावा, याला मी वचनाचा गैरवापर मानतो. मालकासाठी अनुवाद २४ आहे: मजुराची मजुरी सूर्य मावळण्याआधी त्याच्या हाती पडली पाहिजे. आणि याकोबाचं पत्र आहे, ज्यात अडकवून ठेवलेली मजुरी ओरडते आणि तो आवाज सेनाधीश प्रभूच्या कानी जातो. तुमच्या हाताखाली कुणी काम करत असेल तर डोळे मिटा आणि त्याचा चेहरा पाहा. त्याचं काही देणं राहिलंय का? राहिलं असेल तर मनन इथंच थांबवा, पैसे देऊन या, मग पुढं वाचा.

नासरेथकडं वळतो. लोक येशूला सुतार म्हणून ओळखत होते, हे मार्काच्या ६व्या अध्यायात आहे. दुसऱ्या शतकातला जस्टिन मार्टर लिहितो की येशूनं नांगर आणि जू बनवले. लूक म्हणतो, सेवाकार्य सुरू केलं तेव्हा तो सुमारे तीस वर्षांचा होता. यार्देनेवर स्वर्गातून वाणी झाली, पित्यानं आपला संतोष जाहीर केला, तेव्हा एकही प्रवचन झालं नव्हतं, एकही आंधळा डोळस झाला नव्हता. मागं होती ती गावातली वर्षं: लाकूड, घाम, मापं, कुणाच्या तरी बैलांच्या मानेला बोचणार नाही असं तासलेलं जू. त्या वर्षांवर पिता संतुष्ट होता. हे वाक्य मनात हळूहळू फिरू द्या. तुमची वर्षंही त्याच्यापुढं मांडा, ज्यांत सांगण्यासारखं काही घडलं नाही असं तुम्हाला वाटतं ती आधी.

कापडाबद्दल थोडकंच. आधी चार बाजूंना मध्यावर टाचा, मग मध्याकडून कोपऱ्यांकडं जा. मखमल असेल तर तिची लव एकाच दिशेला ठेवा. फूल मधोमध येऊ द्या. हे सगळ्यांना दिसणारं काम आहे, त्याची वाहवा होईल, ती आनंदानं घ्या.

आता सुई खोचून ठेवा आणि प्रार्थना करू.

प्रभू, या खुर्चीत बसून ज्यांनी विसावा घेतला त्या आजींबद्दल तुझे आभार. माझ्याआधी जे तिघे हिच्यावर राबले त्यांच्याबद्दल, आणि माझ्या उस्तादांबद्दल आभार. बिलावर जे लिहिलंय तेच आत जाऊ दे. नातू पहिल्यांदा बसेल तेव्हा त्याला आजीची आठवण येईल, त्या वेळी तू त्याच्याजवळ राहा. खुर्चीच्या डाव्या हाताचा सांधा अजून हलतोय, उद्या सकाळी तो खोलून पुन्हा चिकटवायचा आहे. त्याला लागेल तेवढा धीर मला दे. आमेन.