झोपलेल्या माणसाचा निर्णय

स्पेनच्या ला पाल्मा बेटावर, डोंगरमाथ्यावर, लिव्हरपूल टेलिस्कोप नावाची 2 मीटर आरशाची दुर्बीण आहे. रात्री तिच्याजवळ कुणीही नसतं. छप्पर कधी उघडायचं, हवा बिघडली की कधी मिटायचं, आता कुणाचं काम घ्यायचं, सगळं सॉफ्टवेअर ठरवतं. (जुन्नरजवळच्या गिरवलीची आयुकाची दुर्बीण हिचीच बहीण, बनवणारी कंपनी एकच.) आता तिथेच 4 मीटरची न्यू रोबॉटिक टेलिस्कोप उभारायची योजना आहे. आरसा 18 षटकोनी तुकड्यांचा, आणि इशारा मिळाल्यावर 30 सेकंदांत लक्ष्यावर नजर.

एवढी घाई कशाला? 17 ऑगस्ट 2017 ला दोन न्यूट्रॉन तारे एकमेकांवर आदळल्याची खबर आली. गॅमा किरणांची चमक जेमतेम दोन सेकंदांची. दृश्य प्रकाश सापडला तो जवळपास 11 तासांनी. त्यात चूक कुणाची नव्हती, जागा कळायला आणि चिलीत अंधार पडायला वेळ लागला. पण पहिल्या काही तासांतला उजेड कुणालाच दिसला नाही. तो आता कधीच दिसणार नाही.

मी अडकतो तो दुसऱ्याच गोष्टीवर. इशारा आला की दुर्बीण हातातलं काम सोडून वळते. ते काम कुणाच्या तरी पीएचडीचं असू शकतं. आणि इशारा फुसकाही निघू शकतो. मग त्या विद्यार्थ्याची रात्र कुणी घेतली? काही महिन्यांपूर्वी भरदुपारी कुणीतरी लिहिलेल्या एका अटीने. लिहिणारा आता झोपलाय.

हे मला चांगलं माहीत आहे. एका नोकरीत ऑन-कॉल असताना खोट्या अलार्मना कंटाळून मी मर्यादा वाढवली. एका रात्री लोकांची पेमेंट्स तीन तास अडकली, अलार्म वाजलाच नाही. सकाळच्या मीटिंगमध्ये मी म्हणालो, "सिस्टिमने पकडलं नाही." वाक्याचा कर्ता बदलला की काय हलकं वाटतं! सिस्टिमने तर मी सांगितलं तेच केलं होतं.

तरी पहाटे तीनला डोळे चोळत निर्णय घेणाऱ्या माणसापेक्षा दुपारी शांतपणे लिहिलेली अट जास्त न्यायी असते, असं मला अजूनही वाटतं. फक्त माझी अट शांतपणे लिहिलेली नव्हती. मला झोप हवी होती.

त्या रात्रीच्या तक्रारींत एक ओळ होती: "दवाखान्याच्या काउंटरवर उभा आहे." मर्यादा मी परत खाली आणली. शेजारी कमेंटमध्ये कारण लिहिलं, आणि माझं नाव.