डाव फसला, कर्ता कोण?

१९ नोव्हेंबर १९७८ रोजी न्यू जर्सीतल्या जायंट्स स्टेडियमवर न्यूयॉर्क जायंट्स हा अमेरिकन फुटबॉलचा संघ फिलाडेल्फिया ईगल्सवर १७-१२ असा पुढे होता. चेंडू जायंट्सकडेच होता, जेमतेम अर्धे मिनिट उरले होते आणि ईगल्सकडे घड्याळ थांबवायला एकही टाइमआउट शिल्लक नव्हता. क्वार्टरबॅक जो पिसार्चिकने चेंडू घेऊन गुडघा टेकला असता तरी सामना संपला असता. पण आक्रमणाचे प्रशिक्षक बॉब गिब्सन यांनी धावण्याचा डाव सांगितला. फुलबॅक लॅरी झॉन्काच्या हाती चेंडू देताना तो त्याच्या कमरेवर आदळून खाली पडला, ईगल्सच्या हर्मन एडवर्ड्सने तो उचलला आणि २६ यार्ड धावत टचडाउन केला. ईगल्स १९-१७ असे जिंकले. दुसऱ्याच दिवशी गिब्सन यांना काढून टाकण्यात आले.

डाव का फसला, या प्रश्नाला संघाने दिलेले उत्तर म्हणजे एक नाव. गीतेच्या अठराव्या अध्यायातला कर्मविचार मला इथे जास्त खरा वाटतो. कुठल्याही कर्माला अधिष्ठान, कर्ता, करण, चेष्टा आणि दैव अशी पाच कारणे असतात आणि एकट्यालाच कर्ता मानणाऱ्याला नीट दिसत नाही, असे तिथे सांगितले आहे. या डावात चेंडू निसटला तो पिसार्चिकच्या हातून. पण आधी एकदा सांगितलेला डाव बदलल्याबद्दल त्याला बोलणी खावी लागली होती, म्हणून सहकारी विरोध करत असतानाही त्याने या वेळी आज्ञा पाळली. म्हणजे त्याच्या हातांच्या मागे एक धाक उभा होता. धावण्याच्या डावात अकरा जणांच्या हालचाली एकमेकींत गुंतलेल्या असतात. पडलेला चेंडू ही त्या गुंत्याची फक्त शेवटची, सगळ्यांना दिसलेली गाठ.

यावर रास्त आक्षेप असा की, कारणे अशी वाटून टाकली तर दोषी कोणीच उरत नाही. पण कारण असणे आणि उत्तरदायी असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. उत्तरदायित्व ठरते ते वेगळे वागण्याची मोकळीक कोणाला किती होती यावरून. ती गिब्सन यांना सर्वांत जास्त होती, पिसार्चिकला थोडी, झॉन्काला जवळजवळ नव्हती. म्हणून गिब्सन यांचा दोष मोठा मानावाच लागतो. मात्र तो कारणे पाहिल्यावर काढलेला निष्कर्ष हवा. पाहणे टाळण्याची सबब नव्हे.

दुसरा आक्षेप दैवाचा. लांबट चेंडू कुठे उसळेल हे कोणाच्याच हाती नसते. तो एडवर्ड्सपाशी गेला हा योग, मग चिकित्सा कशाला? दैव पाचांतले एक आहे हे खरे, पण त्याला किती वाव द्यायचा हे बाकीची चार ठरवतात. गुडघा टेकला असता तर उसळायला चेंडू मोकळा राहिलाच नसता. खेळाने पुढे उपाय केला तो याच जागी: आघाडीवर असलेला संघ शेवटच्या क्षणांत खेळाडूंना दाटीने उभे करतो, क्वार्टरबॅक गुडघा टेकतो आणि चेंडू निसटलाच तर धाव अडवायला एक जण बराच मागे ठेवला जातो. ही रचना चूक होणार हे गृहीत धरते आणि चुकणारा कोण असेल, याची चौकशी करत नाही. गिब्सन यांच्या हकालपट्टीने यांतले काहीच साधले नव्हते.